खाली जाते, वर येत नाही

मराठीत खिडकी, तेलुगूत किटिकी. कोणी कोणाकडून उसनं घेतलं याचा वाद पंडितांनी घालावा. आमच्या बेज्जूरकडे दोन्ही शब्द एकाच घरात, कधी एकाच वाक्यात नांदतात. काचेच्या बाबतीत मात्र तेलुगू काटकसरी. आरसाही अद्दम आणि मोटारीची काचही अद्दम. गेल्या आषाढात अशाच एका अद्दमने आम्हाला भर पावसात भिजवलं आणि चार गोष्टी शिकवल्या.

अँबॅसिडर, पद्मिनी, मारुती ८०० यांच्या दाराला आतून एक दांडा असे. तो फिरवताना काच कुठे अडते, किती जोर लागतो, हे हाताला कळायचं. बटणाची काच ही काही कालपरवाची चैन नव्हे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० सालीच ती आपल्या उंची मोटारींत दिली होती. आमच्यासारख्यांच्या दारात ती आली, ती शहरात पंधरा वर्षं झिजून झाल्यावर. आणि बटण दांड्यासारखं बोलत नाही. काच हलली तर हलली, नाही तर गप्प.

कागजनगरहून पेंचिकलपेटमार्गे परतत होतो. चहासाठी थांबलो तेव्हा सौभाग्यवतींनी डावीकडची काच खाली केली. ती खाली गेली ती गेलीच. दोन्ही बाजूंना जंगल आणि वरून धो धो पाऊस. उरलेला रस्ता त्यांनी मोटारीत बसून छत्री उघडून काढला. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत, हे अधिक काळजीचं होतं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजात निदान झालं, “मोटर गेली, नवी टाका.” दार उघडूनही न पाहता दिलेलं हे निदान मनाला पटेना. मग गावातल्याच एका तरुण मिस्त्रीला बोलावलं. हा एरवी शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. घरी मराठी, कामावर तेलुगू.

त्याने आधी हत्यार काढलंच नाही. बाकीच्या तीन काचा चालवून पाहिल्या. चालल्या, म्हणजे मुख्य फ्यूज शाबूत. चालकाच्या दारावर मुलांसाठी बाकीच्या काचा बंद करण्याचं एक बटण असतं; ते चुकून दाबलेलं नाही ना, हे पाहिलं. मग दिवे लावून डावीकडचं बटण वरच्या बाजूला दाबलं. दिवे जरासे मंदावले असते, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे पण काच कुठेतरी अडली आहे, असं समजायचं. आत नुसती घरघर ऐकू आली असती, तर काच ओढणारी तार किंवा दातऱ्याचं चाक तुटलं असं समजायचं. यातलं काहीच झालं नाही. आणि चालकाकडच्या बटणाने तर काच खालीही जाईना, वरही येईना.

“मोटर बागाने उंदि, सार,” तो म्हणाला. मोटर ठीक आहे. “जी मोटर काच खाली नेते, तीच उलटी फिरून वर आणते. खाली नेली ना तिने काच?”

कसं ते त्याने पाटीवर रेघा ओढून दाखवलं. मोटरला दोन तारा. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. वर नेताना आणि खाली नेताना त्यांची अदलाबदल होते. डाव्या दारातली परतीची वाट चालकाच्या दारातल्या बटणातून जाते. दोहोंतली एक तार मध्येच तुटली, तर डावीकडच्या बटणाने एकाच दिशेचं काम होतं आणि चालकाचं बटण मुकं होतं. आमच्या मोटारीचं नेमकं हेच लक्षण.

तार तुटते कुठे? दाराच्या बिजागरीपाशी. तिथे रबराच्या नळीतून तारा दारात शिरतात आणि दार उघडता-मिटताना दर वेळी वाकतात. त्याने बटण वर दाबून धरलं आणि डावं दार हळूहळू मागेपुढे हलवलं. काच दचकत दचकत चार बोटं वर आली! रबर सरकवलं तर तारेची कातडी धड, आतलं तांबं मात्र तुटलेलं. बॅटरीची तार सोडून त्याने नव्या तारेचा तुकडा थोडा ढिला ठेवून जोडला, सांधा बिजागरीच्या वाकणापासून लांब घेतला आणि वरून वेष्टण चढवलं. काचेच्या कडेच्या रबरातली धूळ पुसून सिलिकॉनचा फवारा मारला. तिथे तेल घालू नये, रबर फुगतं. खर्च नव्या मोटरच्या पासंगालाही पुरला नसता.

हे चैनीचं काम नव्हे. आमच्याकडे पावसाळ्यात ओढे रस्त्यावर चढतात. मोटार पाण्यात सापडली तर बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही. पहिल्या काही क्षणांत काच खाली करणं हीच सुटकेची वाट. म्हणून अडणारी काच आज ना उद्या करू म्हणून ठेवू नये.

पण माझ्या मनात घर केलं ते मिस्त्रीच्या वाक्याने. आमच्या शाळांतून असं एक तरी मूल दर वर्षी येतं. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, पुस्तक इंग्रजी. त्याला शिकवलेलं सगळं आत जातं, वर मात्र काही येत नाही. आपण लगेच निदान करतो, मूल मंद आहे. मोटर गेली! त्याच मुलाला तोच प्रश्न घरच्या भाषेत विचारून पाहावा. उत्तर दचकत दचकत वर येतं. म्हणजे मोटर ठीक आहे, तार कुठेतरी वाकणावर तुटली आहे.

आणि वाकण तर आमच्या नशिबीच. १९५६ साली भाषावार प्रांत झाले तेव्हा राजुरा आदिलाबादेतून निघून तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. २०१४ साली राज्य बदललं, २०१६ साली जिल्हा. प्राणहितेच्या दोन्ही काठांना सोयरीक तीच राहिली. बिजागरीवर राहणाऱ्यांना रोज वाकावंच लागतं. त्यांच्या तारा म्हणूनच जरा ढिल्या ठेवाव्यात, आणि तुटल्याच तर नवी मोटर मागण्याआधी दार हलवून पाहावं.