डावीकडचं वळण आणि ट्रकचं मागचं चाक

माझ्याकडे बी.पी., शुगर दाखवायला येणारी बरीच मंडळी मोटारसायकलवर येतात. वडनेर भोलजी पडलं मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, राष्ट्रीय महामार्ग 53 वर. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च आहे. उजवीकडे वळताना समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागते, म्हणून माणूस जपतो. डावीकडे वळताना ओलांडायचं काहीच नसतं, म्हणून तो बिनधास्त असतो. धोका इथेच आहे.

लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतून, कोपरा कापत जातात. गाडी जितकी लांब, तितका हा फरक जास्त. कापसाने भरलेली ट्रॉलीही अशीच आत येते. त्यात ड्रायव्हर वळण्याआधी गाडी थोडी उजवीकडे घेतो, डावीकडे जागा मोकळी दिसते आणि आपला मोटारसायकलवाला तिथे घुसतो. ती जागा काही क्षणांत बंद होते. ड्रायव्हर उजवीकडे उंच बसलेला असतो. डाव्या दाराखाली कोण आहे, हे त्याला सहसा दिसत नाही. म्हणून ट्रकचा डावा इंडिकेटर दिसला की मागेच थांबा. इंडिकेटर नसला तरी फाट्याजवळ ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे काढू नका. आपल्याकडे इंडिकेटरवर विश्वास ठेवणं जरा अवघडच आहे.

हेल्मेट घालाच, पण अशा अपघातात चाक मांडीवरून किंवा कमरेवरून जातं. मी हाडांचा डॉक्टर नाही, तरी एक गोष्ट सांगतो. कमरेखालचं हाडांचं कडं, म्हणजे पेल्व्हिस, मोडलं की रक्त आतल्या आत साठतं. दीड-दोन लिटर रक्त गेलं तरी बाहेर थेंब दिसत नाही. माणूस बोलत असतो, लोक म्हणतात, "फार लागलं नाही, उठा, पाणी प्या." उठवू नका, पाणी पाजू नका, ओढून रिक्षात घालू नका. अंगावर पांघरूण टाका आणि 108 ला फोन करा. पोलिसांची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलंय आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही नाही.

आता तुमच्या प्रकृतीचं. मानेचा स्पॉन्डिलोसिस असलेले पेशंट मान वळवायचं टाळतात आणि नुसत्या अंदाजाने डावीकडे वळतात. मागून कडेने येणारी सायकल त्यांना दिसत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन गाडी चालवू नका. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. आणि डावा आरसा लावून घ्या. बहुतेक गाड्यांना उजवा तेवढा असतो, तोही भांग पाडायला.