वाळूतला वाटा

गेल्या वर्षी गणपती गेले आणि आठवड्याभरात आमच्या दादाने घरी एक यंत्र आणले. लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी चकती आणि कानाला लावायचा पट्टा. आईला वाटले, गवत कापायचे असेल. दादाने ते अंगणात तुळशीपुढे फिरवले. मातीत गाडला गेलेला एक खिळा होता, त्यावरून जाताच यंत्र पीं करून ओरडले. शेजारची काकी दोन पावले मागे सरकली आणि म्हणाली, "देवचार बोलता!"

आमचे घर मालवण तालुक्यात, अगदी पुळणीला लागून आहे. बाबा रापणीला जातात. दादा पर्यटकांच्या होडीवर काम करतो. पावसाळ्यात होडी बंद, म्हणजे मिळकत बंद. इंजिनाच्या कर्जाचा हप्ता मात्र बंद होत नाही. अशा रिकाम्या दिवसांत त्याने मोबाइलवर इंग्लंडच्या किनाऱ्यावरची माणसे पाहिली. हातात यंत्र घेऊन ती ओहोटीच्या वाळूत फिरतात आणि जुनी नाणी, अंगठ्या उचलतात. आपल्याकडे तर समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे, मग आपल्या वाळूत काय काय असेल! त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पावसाळ्यातला दर्या पुळणीची वाळू ओढून नेतो, आणि वर्षानुवर्षे खाली दडलेल्या वस्तू तेवढे दिवस वर येतात. आम्हीही लहानपणी जाळ्यांची शिसे आणि हिरवी पडलेली तांब्याची नाणी वेचलेली आहेत.

पाचव्या दिवशी दादा धावतच घरी आला. टॉवेलात सतरा नाणी होती, सगळी एकाच जागी मिळालेली. चिंच लावून घासल्यावर एकावर "श्री राजा शिव" ही अक्षरे दिसली आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति". शिवराई! त्या क्षणी आम्ही चौघेही गप्प झालो. आईने नकळत हात जोडले.

दुसऱ्याच दिवशी होडीवरच्या ओळखीचा एक गिऱ्हाईक भाव करू लागला. त्याने सांगितलेल्या रकमेत इंजिनाचे दोन हप्ते निघत होते. दादा तयार होता. बाबा तेवढे म्हणाले, "चेडू कॉलेजात जाता ना? तेका आधी वाचूंदे. कागद काय म्हणता ता कळूंदे."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आजवर वीजबिल, रेशनचा फॉर्म, बँकेची नोटीस हे सगळे मीच वाचून दाखवीत आले. कायदा मात्र कधी वाचला नव्हता. राज्यशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी मला ग्रंथालयात नेले आणि एक मूळ इंग्रजी कायदा पुढ्यात ठेवला: १८७८ सालचा निखात निधी अधिनियम. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तीन दुपारी तो वाचला.

दादाचा प्रश्न साधा होता: यंत्र कुठे फिरवले तर चालते? त्याचे उत्तर मला जागेजागेप्रमाणे वेगळे सापडत गेले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणे संरक्षित हद्दीत परवानगीशिवाय खणता येत नाही. जमिनीचा मालकसुद्धा खणू शकत नाही. यांपैकी पहिले तीन किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीतही गेले. "पण किल्ल्यापासून शंभर मीटर सोडले की मोकळे," असे दादाला कोणीतरी सांगितले होते. ते शंभर मीटर आणि त्यापुढचे दोनशे मीटर बांधकामासाठी आणि खाणकामासाठी आखलेले आहेत. त्यापलीकडे गेले म्हणून सापडलेली वस्तू आपली होत नाही.

शिवाय किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तिथे वन खात्याचे नियम लागतात. खाजगी माडाच्या बागेत शिरायचे तर मालकाला विचारले पाहिजे. आणि थंडीत कासविणी पुळणीवर येऊन वाळूत अंडी घालून जातात. त्या दिवसांत वाळू उकरणे म्हणजे एखाद्या घरट्यावरच फावडे घालणे. यंत्राला लोखंड कळते, अंडे कळत नाही.

उरली ती साधी पुळण, आमच्या दारापुढची. तिथे यंत्र घेऊन फिरू नये असे मी वाचलेल्या कायद्यांत कुठे नव्हते. पण भरतीच्या रेषेखालची समुद्राची जमीन राज्य सरकारची, असे महाराष्ट्राचा १९६६ चा जमीन महसूल कायदा सांगतो. म्हणजे आम्ही जन्मापासून जिला "आमची पुळण" म्हणतो, तिचा मालक कागदावर दुसराच आहे! हे वाचताना, खरे सांगते, मला वाईट वाटले.

१८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने कलेक्टरांना लेखी कळवावे: काय सापडले, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात ठेवावी, नाहीतर मागताच हजर करण्याची हमी द्यावी. मग जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या आतला एक दिवस दिला जातो. कोणी धनी निघाला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि चौथा हिस्सा जमिनीच्या मालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल, तर किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन ती घेता येते. मात्र लपवले तर आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पर्यटकाची काल हरवलेली अंगठी मात्र निधी नव्हे. तिच्या मालकाचा शोध घ्यायचा असतो.

वाळू म्हणजे जमीन का, लाटांनी आणलेले नाणे "दडलेले" म्हणायचे का, असे मी सरांना विचारले. सर हसून म्हणाले, "त्यावर वकील भांडतील. सतरा नाणी एका जागी सापडली आहेत, तू कळव."

इतिहासाच्या बाईंनी वेगळीच गोष्ट सांगितली. शिवराई राज्याभिषेकानंतर पडू लागली, पण तिचे चलन पुढे पेशवाईतही चालू राहिले. म्हणून नाण्यावर नाव कोणाचे आहे एवढ्यावरून त्याचे वय ठरत नाही. ते कुठे मिळाले, किती खोल, सोबत काय होते, यावरून पुष्कळ कळते. एकदा ते गिऱ्हाइकाच्या पाकिटात गेले की उरतो तो तांब्याचा तुकडा. इंग्लंडमध्येही, दादाच्या त्या स्वर्गात, सगळे मोकळे नाही. राजघराण्याच्या नावाने असलेल्या क्राउन इस्टेटच्या किनाऱ्यावर यंत्र चालते. पण १९९६ च्या कायद्यात बसणारा निधी सापडला तर चौदा दिवसांत कळवावे लागते.

त्या रात्री मी हे सगळे घरी सांगितले. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "दर्यान दिल्लां, ता आपलां. आमच्या पैशान शिकलंस आणि सरकारचा बोलतंस?"

मला उत्तर सुचले नाही. माझी फी त्याने भरली आहे. होडीवर उन्हात दिवस काढून भरली आहे. मी त्याच्या तोंडचा घास काढते आहे, असेच मलाही वाटले. शिक्षणाने घराला काहीतरी आणून द्यायचे असते, आणि मी घरात पहिल्यांदा जे आणले ते "नाही" होते.

बोलले ते बाबा. बाबांना सही करता येते, तेवढेच. ते म्हणाले, "रापण ओढतत तेंका प्रत्येकाक वाटो असता. जाळ्याचो वाटो वेगळो. एकान टोपलीत चार सुरमय लपवले तर काय होता?" दादा बोलला नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. लपवणाऱ्याला पुढे कोणी दोरीला हात लावू देत नाही. "मगे ह्यो कायदो काय वेगळो सांगता?" बाबा म्हणाले. "ओढणाऱ्याक तीन वाटे, जमनीक एक."

इंग्रजीत तीन दुपारी घालवून मला जे उमगले नव्हते, ते बाबांनी रापणीच्या दोरीवर सांगून टाकले.

दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी सकाळी नाण्यांची पुडी खिशात घालून म्हणाला, "चल." मी अर्ज लिहिला होता. कचेरीत पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी हा कायदा ऐकलेला नव्हता. ते म्हणाले, "घेऊन जा, कोण विचारतंय!" दादाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत "बघ!" होते, आणि मला वाटते, थोडा मोहही होता. मी कायद्याची प्रत पुढे केली. दोन तास बाकावर बसलो. शेवटी आतल्या साहेबांनी नाणी मोजून घेतली, पाकीट मोहोरबंद केले आणि पोच दिली. सापडल्याची जागा विचारली तेव्हा दादाने ती इतकी नेमकी सांगितली, की साहेबांनी त्याला नकाशावर खूण करायला पेन दिले.

निकाल अजून लागलेला नाही. हप्ता बाबांनी रापणीच्या वाट्यातून भरला. यंत्र दादाने विकले नाही. ओहोटीला कधी कधी तो ते घेऊन जातो, किल्ल्याची बाजू सोडून. मागे एका पर्यटक बाईंची अंगठी त्याने शोधून दिली. आता बाहेर पडण्याआधी तो मला हाक मारतो आणि विचारतो, "गो, ह्या बाजूक चालता?"

ती पोच माझ्या गुणपत्रिकांच्या पेटीत आहे. तिच्यावर दादाचे पूर्ण नाव आहे, आणि त्यापुढे "निधी शोधणारा" असे लिहिले आहे. मध्यंतरी त्याने ती दोनदा काढायला लावली. दोन्ही वेळा त्याने मला ती मोठ्याने वाचायला सांगितली.

— द्वितीय वर्ष, कला