धूळपाटी

आजोबा पाटीवर लिहायला शिकले नाहीत. त्यांच्या कोकणातल्या गावी पंतोजी एका लाकडी फळीवर विटेचा बारीक भुगा पसरायचे, फळी हलकेच हलवून तो सारखा करायचे आणि त्यात बोटाने अक्षर काढून द्यायचे. पोराने त्यावरून काडी फिरवायची. चुकलं की पुन्हा फळी हलवायची. ‘आमच्या चुका वाऱ्यावर गेल्या,’ असं आजोबा हसून सांगायचे. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत हे ऐकताना मला त्यांचा हेवा वाटे. माझी पाटी दगडी होती आणि चुकलेलं पुसायला थुंकी हाताशी असायची. त्यावरून आईचा रट्टा ठरलेला.

दसऱ्याला त्याच पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुसायची वेळ आली की माझा हात अडायचा. बहीण मात्र फडकं ओलं करून एका झटक्यात साफ करायची आणि वर ‘पुढच्या वर्षी परत काढ की’ म्हणायची. तिचं बरोबर होतं.

पुढे गिरगावात, ठाकुरद्वारच्या आतल्या एका गल्लीत, छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. कंपोझिटर खणाखणांतून शिशाचे खिळे उचलत, ओळ जुळवत, उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचत. मी ओल्या प्रुफावर लाल शाईने काना-मात्रा-वेलांट्या सरळ करायचो. फर्मा छापून झाला की तेच खिळे सुटे होऊन आपापल्या खणांत परत जात. पाटी पुसली जायची, चूक मात्र कागदावर राहायची. एका गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत स्थापनेच्या सालातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले आणि ते माझ्या डोळ्यांखालून गेले. दोन रात्री बसून प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवली. खळीचा तो आंबूस वास मला अजून येतो.

निवृत्त झाल्यावर दादरला राहणारी भाची एकदा लॅपटॉप घेऊन बसली. ‘मामा, इथे कुणीही कुणाचंही चुकलेलं दुरुस्त करू शकतं. तुमच्यासाठीच काढलंय बघा हे.’ मराठी विकिपीडिया. सुरू होण्याचा दिवसही मराठीच, १ मे २००३. मी चष्मा पुसून पाहिलं, तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या नावाशेजारी शब्द होता, ‘धूळपाटी’. लिहून बघण्याची, मोडतोड करण्याची, पुसून टाकण्याची जागा. हा शब्द कुणी शोधला कोण जाणे. त्याच्या घरीही माझ्या आजोबांसारखं कुणीतरी असणार.

आता विकिपीडियावर येणारी नवी मुलं मला विचारतात, काका, सुरुवात कुठून करायची? त्यांना वाटतं, पहिल्याच दिवशी एखाद्या गडावर किंवा आवडत्या नटावर अख्खा लेख टाकावा. मी सांगतो, आधी एक वेलांटी दुरुस्त कर. जतन करण्याआधी खालच्या लहानशा चौकटीत काय केलंस ते दोन शब्दांत लिही, ‘शुद्धलेखन’ किंवा ‘दुवा जोडला’. ही चौकट लोक रिकामी सोडतात आणि मग आपला बदल का उडाला म्हणून रुसतात. पूर्वी प्रुफाच्या समासात मी खूण केली नसती, तर कंपोझिटर तरी काय समजला असता?

नावांचं प्रकरण मला विशेष आवडतं. गिरगाव की गिरगांव? १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. जुन्या पाट्यांवर आणि जुन्या माणसांच्या हातात ते टिंब अजून आहे. अशा वेळी भांडत बसू नये. लेख गिरगाववर ठेवावा आणि गिरगांववरून पुनर्निर्देशन द्यावं, म्हणजे टिंबवालाही योग्य दारात पोचतो. परळ आणि परेलचं तसंच. त्याहून छुपा शत्रू म्हणजे ‘तऱ्हा’मधला अर्धा र. तो संगणकावर दोन रीतींनी उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे, आणि शोध घेणारा एका रीतीने शोधतो तेव्हा दुसऱ्या रीतीचा मजकूर त्याला सापडेलच असं नाही. चाळीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाला हे पचवणं जड गेलं.

विशेषणं कापावीत. आपल्याकडे श्रद्धांजलीची भाषा फार लवकर सुटते. थोर, सुप्रसिद्ध, अष्टपैलू, ज्यांचं कार्य अतुलनीय आहे असे. कोशात माणसाने काय केलं ते लिहावं, थोर आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. आणि आपल्या काकांवर, आपल्या मंडळावर, स्वतःवर तर लेख लिहूच नये. हात आपोआप प्रेमळ होतो.

उचलेगिरीचीही गंमत आहे. एका उत्साही पोराने मराठी विश्वकोशातली नोंद उचलून जशीच्या तशी चिकटवली. म्हणाला, ‘सगळ्यांसाठीच आहे ना ते?’ वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला तो कोश, पहिला खंड १९७६चा. वाचायला मोकळा असला तरी शब्द उचलायला मोकळा नाही. वाचावं, मिटावं, आपल्या शब्दांत लिहावं, खाली त्याचा हवाला द्यावा. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची गोष्ट वेगळी. तेवीस खंडांचा तो डोंगर १९२०च्या दशकात उपसला गेला, केतकर १९३७ला गेले आणि लेखकाच्या मृत्यूनंतरची प्रताधिकाराची साठ वर्षं केव्हाच उलटली. पण त्यातली शंभर वर्षांपूर्वीची लोकसंख्या आजची म्हणून चिकटवू नका, एवढंच.

संदर्भाचा धडा मात्र मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपावरच्या मजकुरात मी लिहिलं की संप संक्रांतीला सुरू झाला. खात्रीच होती. बाबा कामावर न जाता घरी बसले होते आणि मधल्या बोळात तिळगुळाचा पितळी डबा उघडा होता, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाऊण तासात माझं वाक्य उलटवलं गेलं. शेरा होता, ‘संदर्भ नाही, तारीख तपासावी.’ मी चर्चा पानावर तावातावाने लिहिलं, माझे वडील त्या संपात होते. सही करायलाही विसरलो, तेव्हा राग निनावीच राहिला. उत्तर आलं, ‘काका, आदर आहे. पण वडिलांचा पृष्ठक्रमांक कसा द्यायचा?’

दोन दिवस मी त्या पानाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. १८९८ची संस्था. पुस्तक निघालं, पान निघालं. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२ला, सोमवारी. कामगार सुमारे अडीच लाख. संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती. डबा खोटा नव्हता, तिळगूळ त्यात चार दिवस उरला होता, इतकंच. आईने तो पुरवून पुरवून वाटला असणार. पुढे काय येणार ते बहुधा तिला घरात कुणाहीपेक्षा आधी कळलं होतं.

तारीख दुरुस्त केली, पुस्तकाचं नाव आणि पान खाली दिलं. ते वाक्य अजून तिथे आहे.

मग धूळपाटीवर माहितीचौकट भरायला घेतली. तिच्यात दोन रकाने होते, सुरुवात आणि समाप्ती. पहिला भरला. दुसऱ्याशी येऊन थांबलो, कारण तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या, माणसं मिळेल त्या कामाला लागली. बाबांनी नंतर कुणाकुणाकडे रखवालीचं काम केलं आणि त्यांची गिरणीची डबी मरेपर्यंत खुंटीला टांगलेली होती. ‘समाप्ती’त १९८३ घालावं असा सल्ला एकाने दिला. मी विचारलं, हवाला? तो गप्प बसला.

सार्वजनिक धूळपाटी अधूनमधून पुसली जाते, म्हणून काम आपल्या नावाच्या धूळपाटीवरच करावं, हेही नव्या पोरांना सांगायला हवं. माझ्या धूळपाटीवर ती चौकट तशीच आहे, खाली डब्याचा परिच्छेदही. तो लेखात जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. भाची विचारते, ‘मग पुसून का नाही टाकत?’ बसलो आहे फडकं ओलं करून.