उशाशी बॅटरी

मे महिन्यात महूच्या आसपासच्या काळ्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. गहू, हरभरा, लसूण निघून गेलेला असतो, जमीन उघडी पडलेली असते आणि ऊन तिला खोलवर चिरत जातं. त्या चिरांमध्ये उंदीर, बेडूक, विंचू उन्हाळा काढत असतात आणि त्यांच्या मागावर असलेले सापही तिथेच असतात. जूनच्या मध्यावर जानापावच्या डोंगरावर ढग टेकतात, चोरलच्या खोऱ्यातून ओला वारा वर चढतो, पहिला दमदार पाऊस कोसळतो आणि काळी माती फुगून आपल्या भेगा मिटवून घेते. बिळांत पाणी भरतं. खाली राहणाऱ्यांना वर यावंच लागतं. आणि वर कोरडी जागा म्हणजे आमचा ओटा, आमचा गोठा, गोवऱ्यांची रास, भुशाची खोली, न्हाणीची मोरी.

महू म्हटलं की मराठी माणसाला १४ एप्रिल १८९१ आठवतो, बाबासाहेबांचा जन्म आठवतो. १८१८ साली इंग्रजांनी वसवलेली छावणी आठवते. पण छावणीचे रुंद, झाडांनी झाकलेले रस्ते मागे टाकून खेड्याच्या दिशेला निघालं की दिवे विरळ होतात, सोयाबीनची शेतं सुरू होतात, आणि थोडं दक्षिणेला माळव्याचं पठारच संपतं. पाताळपाणीला नदी कड्यावरून खाली झेपावते आणि निमाडाकडचा उतार लागतो. या काठावर घर करून राहायचं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने सापांच्या सोबतीने काढायचे. ही सोबत टाळता येत नाही. ती नीट निभावता मात्र येते, आणि ती कशी निभावावी हे शिकण्यात या घराच्या तीन पिढ्या गेल्या आहेत.

पहिली शिकवण ओळखीची. साप म्हणून एकच एक भय नसतं. दिवसाढवळ्या बांधावरून सपासप निघून जाणारी लांबलचक धामण, जिला इथले लोक घोडापछाड म्हणतात, ती बिनविषारी. विहिरीच्या कडेला बेडकांसाठी टपलेला दिवड बिनविषारी. भिंतीवर चढून पालींच्या मागे जाणारा कवड्या बिनविषारी, आणि मण्यार समजून सर्वांत जास्त मार खातो तोच. माणसाचा जीव घेणारे आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग फणा उभारून आधी ताकीद देतो. घोणस जाडजूड, अंगावर तपकिरी गोलांच्या साखळ्या, आणि तिचा फूत्कार कुकरची वाफ सुटावी तसा दूरवर ऐकू येतो. तरी अजगराचं पिल्लू समजून लोक तिच्याजवळ जातात आणि तिथेच घात होतो. फुरसं लहान, खडकाळ उतारावरचं, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खर्रखर्र आवाज करणारं. मण्यार मात्र काहीच बोलत नाही.

मण्यारीबद्दल थांबून सांगायला हवं. निळसर काळं तुकतुकीत अंग, त्यावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. दिवसा ती विटांच्या ढिगात वेटोळं करून पडलेली असते. रात्री बाहेर पडते, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाताना त्याने कूस बदलली की चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही दिसत नाही. सूज नाही, आग नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ येते म्हणून, उलटी होते म्हणून. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल. मग पापण्या जड होऊ लागतात, गिळता येत नाही, बोलताना जीभ अडखळते. विष नसांच्या टोकांशी काम करत असतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटदुखी आणि पापण्या मिटू लागणं, एवढं दिसलं तरी सर्पदंश धरूनच चालावं, साप कुणी पाहिलेला नसला तरी.

दुसरी शिकवण घराची. आजी पाऊस लागायच्या आधी सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच फळ्यांवर रचून घ्यायची. मोरीच्या तोंडाला जाळी बसवलेली असायची. जोत्यातली बिळं दगडचुन्याने बुजवली जायची. धान्य कोठीत झाकून ठेवायचं, कोंबड्यांचं दाणापाणी रात्री उचलायचं, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे नाग. घराभोवतीचं गवत ती वाढू देत नसे. उंबऱ्याखालची फट ती जुन्या चिंधीने दाबून टाकायची. बाजारात मिळणाऱ्या उग्र वासाच्या औषधांनी साप येत नाहीत, असं तेव्हाही म्हणत, आताही म्हणतात. कार्बोलिक ॲसिड शिंपडलेल्या ओट्यावरूनही साप जातात. त्यांना दूर ठेवतं ते फक्त रिकामं, झाडलेलं, उजेडातलं अंगण.

आणि रात्र झाली की उशाशी बॅटरी. ती घेतल्याशिवाय कुणी पाय खाली टाकायचा नाही. चपला घालायच्या आधी झटकायच्या. गोठ्यात जाताना काठी जमिनीवर आपटत जायचं, कारण पावलांचा हादरा सापाला कळतो आणि वाट मिळाली तर तो निघून जातो. गवताच्या भाऱ्यात हात घालायच्या आधी काठीने चाळवायचं. खाटेला मच्छरदाणी, आणि तिच्या कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. आग्नेय नेपाळात झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश फार कमी झाल्याचं दिसून आलं. आजीला तो अभ्यास माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती डासांसाठी मच्छरदाणी लावायची आणि मण्यारही त्याच जाळीबाहेर राहायची.

सापाला मारण्याबद्दल घरात एकमत व्हायला वेळ लागला. लाठी हे पुरुषांचं पहिलं उत्तर असतं. इंग्रज सरकारचंही तेच होतं. जोसेफ फेररसारख्या डॉक्टरांनी भारतातल्या विषारी सापांचा बारकाईने अभ्यास केला, त्याचा मोठा सचित्र ग्रंथ १८७२ साली निघाला, आणि त्याच काळात सरकारने सापांच्या मुंडक्यांवर बक्षिसं लावली. लाखांनी साप मारले गेले, दंशाने होणारे मृत्यू मात्र थांबले नाहीत. कारण उंदीर तसेच राहिले, बिळं तशीच राहिली, अंधार तसाच राहिला. एक साप गेला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला मारणं हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी व्यवहार सांगतो की मारायला गेलेला माणूसच सापाच्या सर्वांत जवळ जातो. घरात साप निघाला तर मुलांना आणि जनावरांना बाजूला करावं, एकाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी, आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावं.

मारणारे हात पूजाही करतात. नागपंचमीला आमच्याकडे पाटावर गंधाने नाग काढले जातात, त्यांना लाह्या वाहिल्या जातात, त्या दिवशी विळी नाही, तवा नाही, पुरणाची दिंडं उकडून खायची, रानात नांगर नाही, खणणं नाही. नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं मेल्याची कहाणी आजी दरवर्षी सांगायची. उज्जैनला महाकालाच्या मंदिरातलं वरच्या मजल्यावरचं नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडतं आणि माळव्यातून माणसांचे लोंढे तिकडे जातात. निमाडात बडवानी जिल्ह्यातल्या नागलवाडीला डोंगरावर भिलटदेवाची जत्रा भरते. मला नांगराच्या त्या कहाणीत शेतकऱ्याचं मोठं शहाणपण दिसतं. आपण पोटासाठी जमीन फोडतो तेव्हा कुणाचं तरी घर मोडतो, याची वर्षातून एक दिवस जाणीव ठेवणं आणि त्या दिवशी जमिनीला हात न लावणं, ही साधी गोष्ट नाही. फक्त दूध पाजायचा हट्ट सोडावा. दूध हे सापाचं अन्न नाही, आणि पूजेसाठी पकडलेल्या नागाचे दात उपटलेले असतात, त्याला उपाशी ठेवलेलं असतं.

माळव्यात सर्पदंशाचा देव वेगळा आहे. तो तेजाजी. गाई सोडवायला निघालेल्या तेजाजीने वाटेतल्या सापाला परत येण्याचं वचन दिलं, लढाईत सारं अंग जखमी झालं तरी तो परतला, आणि दंशासाठी कोरी जागा उरली नाही म्हणून त्याने जीभ पुढे केली. भाद्रपद शुद्ध दशमीला, तेजादशमीला, गावोगावच्या ठाण्यांवर निशाणं निघतात. वर्षभरात ज्यांना पान लागलं होतं ते आपली तांती, तेजाजीच्या नावाने बांधलेला दोरा, तिथे सोडायला येतात. शेजारच्या काकाजींनी अशा कित्येक तांत्या बांधलेल्या आहेत. अलीकडे ते तांती मनगटाला सैल बांधतात आणि बांधता बांधताच सांगतात, ‘तेजाजीचं नाव घ्या आणि गाडी काढा.’ श्रद्धेने अशी वाट मोकळी करून दिली की ती औषधाच्या आड येत नाही. तेजाजीची कथा दिलेला शब्द पाळण्याची आहे. दंश झालेल्या माणसाला वेळेत दवाखान्यात पोचवणं हा गावाने पाळायचा शब्द आहे.

गाडी काढली की बाकीचं थोडकंच असतं, पण ते चुकता कामा नये. चावलेल्याला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे. हात किंवा पाय मोडल्यावर लाकडाच्या पट्टीला बांधतात तसा हलता न ठेवता बांधायचा. घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. साप पकडून न्यायची गरज नसते, कारण आपल्याकडची लस चारही सापांवर एकच असते. १०८ ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका यायला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघावं. महूत सरकारी रुग्णालय आहे, तिथून जेमतेम २५ किलोमीटरवर इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे.

दवाखान्यातली एक चाचणी मला फार मोलाची वाटते. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही. वीस मिनिटांनी नळी तिरपी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही हे कळतं. यंत्र नको, वीज नको, मोठं शहर नको. मग लसीच्या कुप्या, सहसा सुरुवातीलाच दहा, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष मुलाचं वय बघून सोडलेलं नसतं. मण्यारीच्या दंशात लसीच्या जोडीला श्वासाचं यंत्र लागू शकतं, आणि कधी ते कित्येक दिवस चालू ठेवावं लागतं. ते मिळालं तर हालचाल पूर्ण थांबलेला माणूसही पुन्हा उठून घरी जातो. विंचूदंशावर १९८० च्या दशकात महाडसारख्या गावात बसून डॉ. हिंमतराव बावसकरांनी मृत्यू मागे रेटून दाखवला होता. तालुक्याच्या ठिकाणी हे होऊ शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं आहे.

ती कुपीही पुष्कळांच्या कष्टांची असते. तमिळनाडूतले इरुळा, पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारे आदिवासी, १९७८ पासून आपल्या सहकारी संस्थेतून सापांचं विष काढून देतात आणि सापांना पुन्हा रानात सोडतात. ते विष थोडं थोडं घोड्यांना टोचतात. घोड्यांच्या रक्तात तयार झालेला प्रतिकार शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामाशी किती काळापासून जोडलेलं आहे, हे मराठी घरांना माहीत आहे.

आणि तरीही माणसं जातात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ७० टक्के आठ राज्यांत, आणि त्या आठांत मध्य प्रदेश आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. बहुतेक सारे खेड्यांतले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, २०२४ साली भारत सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. सर्पदंशाने माणूस गेला तर मध्य प्रदेश सरकार वारसांना चार लाख रुपये देतं. दहा कुप्या त्या मानाने फार थोड्या पैशांत येतात.

या आकड्यांमागचे चेहरे आम्ही दर ऑक्टोबरला पाहतो. सोयाबीन कापायला झाबुआ, आलीराजपूर, बडवानीकडून भिल्ल कुटुंबं येतात. दिवसभर वाकून, उघड्या पायांनी, हाताने मुठी धरून पीक कापतात, म्हणजे नेमकी घोणस जिथे बसलेली असते तिथे हात घालतात. रात्री शेताच्या कडेला जमिनीवर, लेकरांना कुशीत घेऊन झोपतात, म्हणजे नेमकी मण्यार जिथून जाते तिथे. साप गरीब आणि श्रीमंत पाहत नाही असं म्हणतात. पण खाटेवर कोण झोपतं आणि जमिनीवर कोण, अंधारात कुणाच्या हाती उजेड असतो, हे पैशावर ठरतं, म्हणून दंशही बहुतेक पैशावरच ठरतो. आमचं घर सुरक्षित झालं ते फळ्या, जाळी, खाट आणि बॅटरी विकत घेता आली म्हणून. ज्यांच्या हातांनी आमचं पीक घरात येतं त्यांची रात्र उघड्यावर टाकून आम्हाला सापांबद्दल शहाणपण सांगण्याचा अधिकार पोचत नाही.

तेव्हा कापणीला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला खाटा, मच्छरदाणी, एक चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट देणं हा मजुरीचाच भाग मानला पाहिजे. ते बोलण्यात नको, करारातच यावं, आणि देणाऱ्याने उपकार केल्याचा आव आणू नये. गावाच्या पंचायतीने पावसाआधी दवाखान्यात जाऊन विचारावं की कुप्या किती आहेत, रात्री त्या देणारं कोण आहे, काचेची नळी हाताशी आहे का. उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत विचारत राहावं. साप इथे होते, आहेत, आणि उंदरांपासून आमचं धान्य राखायला ते इथे राहिलेच पाहिजेत. आमच्या रानात राबणाऱ्या कुणाचाही जीव त्यांच्या दाताने जाऊ न देणं हे आमचं काम आहे, आणि ते आमच्या हातातलं आहे.