बर्फ नरम असतो, असं कोण म्हणालं?

हेल्मेट हा शब्द नुसता उच्चारला तरी मराठी घरात दोन तट पडतात. माझं सासर पुण्याचं, त्यामुळे हे मी अनुभवानं सांगते. मान दुखते, केस गळतात, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तर कशाला हवं ते टोपलं डोक्यावर, अशी कारणं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेत. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तर चक्क मोर्चे निघाले. त्या मोर्चात आमच्या घरातलं कोण कोण होतं, ते मी इथे सांगणार नाही. मला दिवाळीला घरी जायचं असतं.

रस्त्यावरच्या हेल्मेटबद्दल इतकं लिहून झालं आहे, की त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते बर्फावरच्या हेल्मेटबद्दल. तुम्ही म्हणाल, आपला आणि स्कीइंगचा काय संबंध? पण हल्ली हिवाळ्याच्या दिवसांत गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाऊन बघा. दर चार माणसांमागे एक तरी ‘अगं, हात धर माझा!’ असं मराठीत ओरडताना ऐकू येईल. पायाला स्की बांधून निदान दहा पावलं घसरल्याशिवाय, आणि त्याचा फोटो काढल्याशिवाय, कुणी परत येत नाही. आम्हीही त्यातलेच. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं, आमची अकरा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले दीर-जाऊ असे पाच जण गुलमर्गला गेलो होतो.

तिथे सामान भाड्यानं देणारी दुकानं ओळीनं आहेत. फरचा कोट, गमबूट, स्कीचे जड बूट, स्की, काठ्या, चष्मा, हातमोजे, सगळं मिळतं. मी लेकीसाठी हेल्मेट मागितलं, तेव्हा दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, ‘‘मॅडमजी, हेल्मेट तो ऊपरवालों के लिए होता है. नीचे तो बर्फ नरम है.’’

ऊपरवाले म्हणजे गोंडोलात बसून अफरवतच्या बाजूला, तेरा हजार फुटांच्या आसपास जाऊन तिथून स्कीवर खाली येणारे. त्यांत परदेशी पाहुणे बरेच असतात आणि त्यांच्या डोक्यांवर हेल्मेट असतंच. वाक्याचा दुसरा अर्थ त्याच्या लक्षात आला नसावा. माझ्या दिरांच्या मात्र लगेच आला, आणि पुढचे दोन दिवस तो विनोद आम्हाला पुरला.

पण त्या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत, आणि ते त्या बिचाऱ्या दुकानदाराचे एकट्याचे नाहीत. एक म्हणजे बर्फ नरम असतो. दुसरा असा, की डोक्याला धोका वरच्यांना, खालच्यांना नाही.

बर्फ नरम असतो, तो नुकता पडलेला असताना. आपण शिकाऊ लोक ज्या उतारावर पडतो-धडपडतो, तिथला बर्फ शेकडो पायांनी आणि यंत्रांनी दाबून सपाट केलेला असतो. दुपारच्या उन्हात त्याचा वरचा थर वितळतो आणि रात्री गोठतो. सकाळी दहाला तुम्ही त्यावर उभे राहता, तेव्हा तो फरशीपेक्षा फारसा वेगळा नसतो. न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलं तर काय होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. ‘फरशी नरम आहे’ असं तेव्हा कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या गैरसमजाचं काय ते नताशा रिचर्डसनच्या मृत्यूनं जगाला दाखवलं. ‘द पेरेंट ट्रॅप’ हा १९९८ चा चित्रपट तुमच्या मुलांनी पाहिला असेल. त्यातल्या जुळ्या मुलींची आई म्हणजे ही अभिनेत्री. १६ मार्च २००९ रोजी कॅनडातल्या क्विबेक प्रांतात, माँ त्रांब्लाँ इथे, त्या शिकाऊ उतारावर स्कीचा धडा घेत होत्या. सोबत प्रशिक्षक होता. त्या पडल्या. झाड नाही, खडक नाही, कुणाशी टक्कर नाही. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठून उभ्या राहिल्या, काही झालं नाही म्हणाल्या. आलेली रुग्णवाहिका परत गेली. काही वेळानं डोकं दुखू लागलं, मग धावपळ, एका इस्पितळातून दुसऱ्यात, शेवटी न्यूयॉर्क. १८ मार्चला त्या गेल्या. वय ४५. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाला होता. असा रक्तस्राव फसवा असतो. माणूस सुरुवातीला चांगला बोलतो, चालतो, चहा पितो; आत मात्र रक्त साठत जातं आणि मेंदूवर दाब वाढत जातो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचू शकतो. तो वेळ फार थोडा असतो. गुलमर्गहून श्रीनगर पन्नासेक किलोमीटर आहे, आणि टंगमर्गपर्यंतचा घाटरस्ता बर्फात चाकांना साखळ्या बांधून उतरावा लागतो, हे इथे आठवलेलं बरं.

आता दुसरी बाजू. माझ्या नवऱ्यानं ती त्याच रात्री, रजईत पाय घालून, मोठ्या उत्साहानं मांडली. ‘‘मग मायकेल शूमाकर?’’

प्रश्न रास्त होता. फॉर्म्युला वनचा सात वेळचा जगज्जेता, वेगाशी ज्याची जन्माची दोस्ती, तो २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला दोन आखीव उतारांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरला, पडला आणि त्याचं डोकं खडकावर आपटलं. हेल्मेट होतं. ते फुटलं. त्यानंतर तो सार्वजनिक जीवनात परतला नाही. अमेरिकेतले आकडेही असंच काहीतरी सांगतात. २००२-०३ च्या हंगामात तिथे स्की करणाऱ्या चारांपैकी एकाच्याच डोक्यावर हेल्मेट असे, आता पाचांपैकी चार जण तरी ते घालतात. तरीही उतारांवरचे मृत्यू वर्षाला सरासरी चाळीसच्या आसपासच राहिले. मग हेल्मेटचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

उत्तर हेल्मेटच्या पोटात आहे. बाहेर कडक कवच आणि आत थर्माकोल. हो, तोच, जो आपण वर्षानुवर्षं गणपतीच्या मखराला वापरला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात ज्याच्यावर बंदी आली. हेल्मेटमधला थोडा जास्त घट्ट असतो, इतकंच. आघात झाला की तो चेपतो, आणि चेपताना धक्क्याचा जोर स्वतःत जिरवतो. युरोपात या हेल्मेटांसाठी ईएन १०७७ हे मानक आहे. त्याच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं नकली डोकं दीड मीटर उंचीवरून पोलादी ऐरणीवर आपटतात. आपटताना वेग होतो ताशी सुमारे वीस किलोमीटर. दीड मीटर म्हणजे किती? साधारण उभ्या बाईच्या डोक्याची उंची! म्हणजे उभी असलेली बाई पाय घसरून मागे उताणी पडली, तर तिचं डोकं ज्या जोरानं जमिनीवर आपटेल, जवळपास तेवढ्या जोरासाठी हे हेल्मेट तपासलेलं असतं.

वर सराईतपणे स्की करणारे ताशी चाळीस किंवा त्याहून जास्त वेगानं येतात. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. त्या वेगानं झाडावर गेलं तर थर्माकोल बिचारा काय करणार? काही करतो, पण सगळं नाही. शूमाकरच्या ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, की हेल्मेट नसतं तर तो इस्पितळापर्यंत पोहोचलाच नसता. १९९७ च्या ३१ डिसेंबरला रॉबर्ट केनेडींचा मुलगा मायकेल अ‍ॅस्पेनला, आणि पाचच दिवसांनी गायक-राजकारणी सॉनी बोनो कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, दोघंही स्की करताना झाडावर आदळून गेले. दोघांनाही हेल्मेट नव्हतं. असतं तर ते वाचले असते, अशी खात्री मी देणार नाही.

पण म्हणूनच दुकानदाराचं म्हणणं उलटं आहे. हेल्मेट पुरेपूर कामाला येतं ते खालच्यांच्या. आपल्यासारख्यांच्या. जे हळू जातात, उभ्या उभ्या पडतात, आपसांत आपटतात, ज्यांना थांबता येत नाही. नॉर्वेत आठ ठिकाणच्या उतारांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेट घालणाऱ्यांना डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे साठ टक्के कमी आढळला. २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा आकडा पस्तीस टक्के होता. साठ घ्या की पस्तीस, मानेची दुखापत हेल्मेटमुळे वाढते असं त्यांना दिसलं नाही. ‘मान दुखते’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

हेल्मेट घातलं की माणूस जास्त धाडस करतो, असाही एक आक्षेप आहे. तरुण मुलांच्या बाबतीत असेलही. माझ्या जाऊबाईंच्या बाबतीत नाही. त्या दोन दिवसांत ज्या वेगानं गेल्या, त्याहून हळू जाणं स्थिर उभं राहण्यातच जमा होतं.

तिसऱ्या दुकानात हेल्मेट मिळालं. मुलांचं एकच होतं, मागच्या खुंटीवर, धूळ खात. हलकं, कानांवर मऊ गाद्या असलेलं. मोटारसायकलच्या हेल्मेटशी त्याचं फार नातं नाही. मी ते आधी उन्हात धरून आतून-बाहेरून पाहिलं, तडा नाही ना, थर्माकोल कुठे दबलेला नाही ना. लेकीच्या डोक्यावर ठेवून डावी-उजवीकडे हलवलं. हेल्मेट हलतं आणि कपाळाची कातडी जागच्या जागी राहते, तर ते मोठं. पट्टा हनुवटीखाली एक बोट शिरेल इतका घट्ट. आत जाड लोकरी टोपी घालायची नाही, तिच्यामुळे हेल्मेट सैल बसतं. दुसऱ्यांच्या केसांचं आणि वासाचं काय, हा प्रश्न मलाही पडला. त्यावर उपाय म्हणून पातळ सुती टोपडं आत घातलं. मोठ्यांसाठी दोन मिळाली. त्यांपैकी एक जाऊबाईंनी घातलं आणि फोटोपुरतं काढलं. एक मी घातलं. आमचे पुरुष लोकरी टोप्यांत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला लेक शिकाऊ उतारावर, उभीच होती. मागून कॉलेजच्या वयाचा एक मुलगा दोन्ही हात पसरून, ‘हटो, हटो’ करत आला. त्याला थांबता येत नव्हतं, तिला हलता येत नव्हतं. ती सरळ मागे पडली. डोकं आपटल्याचा आवाज वीस पावलांवरून मला ऐकू आला. कोरडा, नारळ वाढवल्यासारखा. मी पोहोचेपर्यंत ती उठून बसली होती आणि रडत होती ती हरवलेल्या हातमोज्यासाठी. मुलगा माफी मागून मागून अर्धा झाला होता. हेल्मेट काढून पाहिलं, तर मागच्या बाजूला कवचाला बोटभर तडा, आणि आतला थर्माकोल बशीसारखा दबलेला.

हेल्मेट नसतं तर काय झालं असतं? कदाचित टेंगूळ. कदाचित काहीच नाही. मला ते कळायला मार्ग नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. त्या दिवशी स्की बंद केलं, आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, आणि रात्रभर पाळीपाळीनं आम्ही तिच्याजवळ बसलो. डोकेदुखी वाढते का, उलटी होते का, बोलणं असंबद्ध होतं का, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते का, झोपेतून उठवलं तर धड उठते का. यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचं, हेल्मेट घातलेलं असलं तरीही. माझा नवरा दर तासाला तिला उठवून विचारत होता, ‘‘तेरा साती?’’ पहाटे चारला ती म्हणाली, ‘‘बाबा, दिवसाही मला ते येत नाही.’’ तेव्हा कुठे आम्ही हसलो.

कायदा करावा का? कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतानं २०१२ मध्ये सर्वांनाच हेल्मेट सक्तीचं केलं. इटलीनं २००५ पासून चौदा वर्षांखालच्यांना, मग २०२२ पासून अठराखालच्यांना, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सगळ्यांनाच. स्वित्झर्लंडमध्ये तसा कायदा नाही, तरी तिथे बहुतेक सगळे घालतात. पुण्याची सून म्हणून मी सक्ती या शब्दापासून चार हात लांब राहते. पण मुलांच्या बाबतीत मला ती हवी आहे, कारण त्यांच्या डोक्याचा निर्णय आपण घेत असतो. मोठ्यांसाठी एक साधी गोष्ट पुरेल असं वाटतं. दुकानदार आपल्याला एका पायाचा बूट देत नाही, दोन्ही पायांचे देतो. काठ्या वेगळ्या मागाव्या लागत नाहीत. तसंच हेल्मेटही त्याच भाड्यात, त्याच ढिगात, न मागता पुढ्यात आलं पाहिजे. नको असेल त्यानं ‘नको’ म्हणावं. आज ‘हवं’ म्हणणाऱ्याला तीन दुकानं फिरावी लागतात आणि वर विनोद ऐकावे लागतात.

निघायच्या दिवशी सामान परत करायला गेलो. दुकानातल्या पोऱ्यानं स्की मोजल्या, बूट मोजले आणि तडा गेलेलं ते हेल्मेट पुन्हा त्याच खुंटीवर लटकवलं. मी म्हटलं, हे आता कुणाला देऊ नका, दबलेला थर्माकोल पुन्हा काम करत नाही. त्याला पटेना. बाहेरून तर ठीक दिसतंय, म्हणाला. शेवटी मी ते विकतच घेतलं. लेकीची आठवण म्हणून घेते आहे असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं ते फडक्यानं पुसून चकाकवून दिलं. बॅगेत मावेना. नवऱ्यानं ते काखेत मारलं आणि श्रीनगरच्या विमानतळापर्यंत तसंच आणलं.