यादीत नसलेली नागअळी

नाशिकमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मशीन लर्निंग शिकवतो. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरताना पहिला प्रश्न येतो तो हाच, की डेटा आणायचा कुठून? दिंडोरी-निफाडकडच्या शेतकरी घरांतल्या मुलांचा एक गट होता. टोमॅटोच्या पानावरचा रोग फोटोवरून ओळखायचा, असं त्यांनी ठरवलं आणि ‘प्लांटव्हिलेज’ हा खुला डेटासेट उतरवून घेतला.

14 पिकं, 26 रोग, 54,306 फोटो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातून सुरू झालेल्या या उपक्रमाचे फोटो कुणालाही फुकट मिळतात. 2016 साली त्यांवर आधारलेल्या शोधनिबंधात 99.35 टक्के अचूकता नोंदवली होती. ना प्रयोगशाळा, ना निधी, तरी आमची मुलं त्याच संध्याकाळी कामाला लागली. खुल्या डेटाचं हे ऋण मी फार मानतो. त्यांचं मॉडेलही बघता बघता नव्वदीच्या पुढे गेलं.

मग आम्ही एका विद्यार्थ्याच्या काकांच्या प्लॉटवर गेलो. तार-बांबूला बांधलेली झाडं, पानांवर फवारणीचे पांढरट डाग, खाली मल्चिंगचा चंदेरी कागद उन्हात चमकत होता. एका पानावर पांढरी नागमोडी रेघ होती. मुलाने फोटो काढला, मॉडेलने ठामपणे ‘सेप्टोरिया’ हा बुरशीजन्य रोग सांगितला.

काकांनी पान उलटसुलट करून पाहिलं. “अरे, ही नागअळी आहे. हिच्यावर बुरशीचं औषध मारून काय होणार?”

प्लांटव्हिलेजमध्ये टोमॅटोचे दहा वर्ग आहेत: नऊ रोग-किडींचे आणि एक निरोगी पानाचा. त्यांत नागअळी नाही. आणि असं मॉडेल ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. समोर काहीही आलं तरी दहांतलं एक नाव ते देणारच. उत्तर चुकलं की औषध चुकतं, आणि तो खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

दुसरी गोष्ट त्या फोटोंच्या पार्श्वभूमीची. ही पानं झाडावरून खुडून, कागदावर ठेवून टिपलेली आहेत. वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास उतरते, हे 2016 च्या त्याच निबंधात लिहिलेलं आहे. पण लोक पुढे नेतात तो 99 चा आकडा. 2022 मध्ये एका संशोधकाने प्रत्येक फोटोतले पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी 49 टक्के उत्तरं बरोबर आली. पान न बघता! वैद्यकातही असंच दिसलं आहे. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा आहे हेही ओळखत होतं, आणि बाहेरच्या रुग्णालयात त्याची कामगिरी घसरत होती, असं 2018 च्या एका अभ्यासात आढळलं.

आयआयटी गांधीनगरच्या ‘प्लांटडॉक’मध्ये 2,598 फोटो आहेत. संख्येने थोडे, पण खऱ्या परिसरातले. मुलांनी ते जोडले आणि स्वतः झाडावरचीच पानं टिपायला सुरुवात केली. सकाळी, भर उन्हात, सावलीत. फोटो भराभर जमले. त्यांना नाव लावायचं काम मात्र किचकट निघालं. लवकर येणाऱ्या करप्याचा डाग लहान असताना जिवाणूजन्य ठिपक्यासारखाच दिसतो. डाग वाढून आत एकात एक वर्तुळं उमटली की मग खात्री पटते. ओळखीचे एक कृषी पदवीधर शेजारी बसून सांगत, “हा राहू द्या, चार दिवसांनी परत बघू.” असे फोटो आम्ही ‘संशयित’ म्हणून वेगळे ठेवले. माझ्या मते पूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं.

कृषी महाविद्यालयांत, कृषी विज्ञान केंद्रांत किंवा तुमच्या मोबाइलमध्येही पानांवरच्या रोग-किडींचे फोटो असतील. वाण, तालुका, तारीख आणि रोग कुणी ओळखला, एवढं लिहून, शेतकऱ्याची परवानगी घेऊन आणि त्याचं नाव वगळून ते खुल्या परवान्याखाली द्या. नागअळीचे तर जरूर द्या.