वडिलांची फियाट

१९८६ साली आमच्या वडिलांनी प्रीमियर पद्मिनी घेतली. घरात मात्र तिला कायम 'फियाट'च म्हणत. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी बेळगुंदीच्या लाल चिखलात पंचवीसहून अधिक पावसाळे राबली. आमची बहीण तिच्यातूनच सासरी गेली, आणि अखेरच्या दुखण्यात वडिलांना बेळगावी नेले तेही तिच्यातूनच. पुढे ती गोठ्याशेजारी उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वी ती दुरुस्त करावी या हेतूने आम्ही ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. इंजिन थकले म्हणजे गाडी संपली, अशी आमची समजूत. मिस्त्री गाडीखाली शिरले, पेचकस पत्र्यातून सहज आरपार घातला आणि म्हणाले, "इंजिनाचं काय ओ गुरुजी, बोर करून पिस्टन बदलू. खालचा पत्राच राहिला नाही बघा."

ट्रकला खाली निराळी चासी असते. वरचा सांगाडा बदलता येतो. या गाडीला तशी चासी नाही. पत्र्याची काया हाच तिचा कणा, चाकांचा भार तोच पेलतो. क्लच, ब्रेक, पिस्टन हे झिजण्यासाठीच असतात. ते बदलण्यात तोटा नाही. कणाच कुजला तर ठिगळांनी गाडी उभी राहील, पण अपघातात आतल्या माणसांना राखणार नाही.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनंतरही तपासणी करून वाढवून मिळते. २०२२ च्या एप्रिलात त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर नेले गेले. आमची गाडी कायद्याने मोडली नाही, शुल्कानेही नाही. वडील दरवर्षी हस्ताचा पाऊस सरला की गाडीखाली आडवे होऊन साचलेला चिखल खरवडून काढीत आणि काळा रंग देत. त्यांच्यामागे आम्ही खंडेनवमीला झेंडूचा हार तेवढा घातला.

नोंदणी रद्द करून गाडी वजनावर दिली. उद्यमबागेतील ओतशाळांच्या भट्ट्यांत असे भंगार वितळून त्याचे नवे भाग होतात, एवढेच समाधान.

यंदा हस्त सरताच चिरंजीवांच्या गाडीखाली आम्ही स्वतः शिरलो. सून म्हणाली, "मामंजी, या वयात?" आम्ही खरवडणी मागितली.